सतरावं यंत्र

बुगडांच्या घरात यंत्रं सोळा होती. ऋतुजानं ती तीनदा मोजली होती. तिसऱ्या वेळी तर जुईला कडेवर घेऊन, एकेका यंत्रावर हात ठेवत, देवळात एकेका देवाला हात लावत पुढे जावं तशी. अंगणातल्या पंपापासून जिन्यातल्या इन्व्हर्टरपर्यंत सोळा. कंपनी मात्र सतरा म्हणत होती. सतरावं यंत्र कुठलं, घरात कधी आणलं आणि त्याची नोंद का केली नाही, याचा खुलासा केल्याशिवाय घरहमीचं नूतनीकरण होणार नाही, असं पत्र आलं होतं. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

मुळात नूतनीकरण करावं की करू नये, हाच तिच्या डोक्याला घोर होता. इचलकरंजीच्या कडेला, शहापूरच्या नव्या वसाहतीत त्यांनी हे रो-हाऊस घेतलं, तेव्हा पहिल्या दोन वर्षांची हमी बिल्डरनंच दिली होती. फुकट आलेल्या गोष्टीचा जाच जरा उशिरा कळतो. हमी असूनही गिझर तीन आठवडे बंद राहिला होता, कारण बिघाडाची सूचना आल्यापासून चौदा दिवसांत कंपनीच्या माणसाकडून काम झालं पाहिजे हा नियम, आणि बोलावलेल्या माणसानं विसाव्या दिवशी उगवायचं हा रिवाज. उशीर कुणामुळे झाला यावर दोन दिवस वाद घातल्यावर गिझर दुरुस्त झाला. तोवर जुईच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापत होतं आणि प्रत्येक पातेल्यागणिक ऋतुजा कंपनीचा उद्धार करत होती.

पण सोडावी तर पंपाचं काय? पंपाचं बेअरिंग जानेवारीत जाणार, असं कंपनीनंच कळवून ठेवलेलं. पाणी दिवसाआड, तेही तळटाकीत; पंप बंद म्हणजे घर बंद. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ते हेच.

प्रथमेशला विचारावं, तर नवरा कागलच्या सूतगिरणीत पाळीवर. फोनवर त्याचं उत्तर ठरलेलं, की फॉर्म भरून टाक आणि मोकळी हो. फॉर्ममध्ये भरायचं होतं ते फक्त सतराव्या यंत्राचं नाव, आणि ते यंत्र घरात नव्हतं.

घरातली यंत्रं कंपनी मोजे ती भिंतींतल्या कानतारेवरून. ही कानतार कशी असते हे ऋतुजाला ठाऊक होतं, कारण घराचा गिलावा होताना तिनं ती पाहिली होती. केसाहून थोडी जाड, काचेची. भिंतीभिंतीतून, फरशीखालून, नळांच्या पाइपांना बिलगून साडेतीनशे मीटर तार एकाच धाग्यासारखी फिरवलेली. तिच्या एका टोकाला, जिन्याखाली, एक डबी. ही डबी सेकंदाला हजारो वेळा तारेत प्रकाशाचा ठोका सोडते. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक बारीक उणिवा राहतातच. त्यांच्यावर आपटून प्रकाशाचा अगदी लवलेश माघारी येतो. भिंत तसूभर काय, तसूच्या लाखाव्या हिश्शानं जरी हलली, तरी तिथली तार ताणली जाते आणि तिथून परतणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून जागा कळते, कसा बदलला यावरून हालचाल. थोडक्यात, सगळं घर म्हणजे एक कान.

फिरणारं कुठलंही यंत्र झिजायला लागलं, की त्याच्या चालण्यात आधी एक बारीकशी अडखळ येते. माणसाच्या कानाला ती ऐकू येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. कानतारेला ती चार-सहा महिने आधी कळते. लाखो घरांतले लाखो पंप ऐकून ऐकून कंपनीच्या संगणकानं असा कान तयार केला होता, की कुठलं बेअरिंग कुठल्या महिन्यात जाणार ते तो सांगे आणि सहसा चुकत नसे. पूर्वी हमी म्हणजे, मोडलं तर दुरुस्त करून देऊ. आता हमी म्हणजे, मोडणार हे आम्हाला ठाऊक आहे, तुम्ही नीट वागलात तर दुरुस्त करून देऊ. नीट वागणं म्हणजे काय, याची पुस्तिका बेचाळीस पानांची होती.

त्या पुस्तिकेतला अकरावा नियम असा, की कंपनीच्या माणसाशिवाय कुणीही यंत्र उघडायचं नाही. उघडलं तर लपत नसे. कंपनीचा स्क्रूड्रायव्हर ठरलेल्या लयीत फिरे. घरच्या पान्या-पक्कडीचा आवाज तार लगेच ओळखे.

आणि या अकराव्या नियमाचं तिच्या सासऱ्यांशी जमणं शक्यच नव्हतं. विलास बुगड, घरातले आप्पा, चाळीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर होते. विणकर कापड विणतो, पण माग बिघडला की तो ज्याचं ऐकतो तो जॉबर. अठ्ठेचाळीस मागांचा खडखडाट चालू असताना कुठल्या मागाचा आडवं सूत नेणारा धोटा उशिरा पोचतोय हे आप्पा कारखान्याच्या दारात उभं राहून सांगत. या घरात आल्यापासून हमीनं त्यांना बेकार केलं होतं. मग ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर, इस्त्र्या पोर्चमध्ये आणून खोलत बसत. शेजाऱ्यांची यंत्रं आपल्या हमीत नाहीत, त्यामुळे ऋतुजाची हरकत नव्हती. उलट आजोबांच्या शेजारी नटबोल्ट मांडत जुई तासभर बसे, आणि तेवढ्यात तिचं काम होई. ती साड्यांचे काठ आणि पदर संगणकावर रेखाटायची. दिवसातला तो एक तास आणि जुईच्या दुपारच्या झोपेचा दीड तास, एवढीच तिची कचेरी.

मग महिन्याभरापूर्वी खंडेनवमी आली. इचलकरंजीत त्या दिवशी माग बंद ठेवतात. उघडून पुसतात, तेल देतात, हळदकुंकू वाहून हार घालतात. गेल्या वर्षी सासूबाईंच्या वर्षामुळे घरात सणवार नव्हते, म्हणून ऋतुजा गाफील. जुईला घेऊन ती झेंडूची फुलं आणायला बाजारात गेली आणि दोन तासांनी परतली, तर पुढच्या खोलीत चादर अंथरलेली आणि तिच्यावर घरातली यंत्रं पोटं उघडून रांगेनं पडलेली. मिक्सर, ग्राइंडर, टेबलफॅन, इस्त्री. वॉशिंग मशीनची पाठ काढलेली, पंपाचं झाकण निघालेलं. आप्पा बनियनवर, कपाळाला गंध, हातात तेलाची बुधली, आणि चेहऱ्यावर असं समाधान की सासूबाई गेल्यापासून तिनं ते पाहिलं नव्हतं. हे तिला पुष्कळ नंतर आठवलं. त्या वेळी तिला फक्त हातातला फोन दिसत होता. त्यावर सात सूचना येऊन पडल्या होत्या. सहा अनधिकृत हस्तक्षेपाच्या, पहिलीच वेळ म्हणून नुसती ताकीद देणाऱ्या; सातवी नारळ फोडल्याची. ‘उंबरठ्यावर तीव्र आघात’ असं तीत म्हटलं होतं.

ती बोलली. नको तितकं बोलली. जुईला भिंतीवर रेघोट्या ओढल्याबद्दल बोलते त्याच आवाजात बोलली. आप्पांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

“वर्षातनं एक दिस पोट उघडून बगायचं न्हाई, तर मग पूजा कशाची करायची गं? डब्याची?”

तिनं अवजारांची पेटी उचलून माळ्यावर टाकली आणि शिडी शेजारच्या पाटलांकडे नेऊन ठेवली. शिडी पाटलांकडे ठेवणं जरा जास्तच झालं, हे तिलाही कळत होतं. पण लग्नसराईचे अकरा काठ त्या आठवड्यात द्यायचे होते आणि तिला कुणाशीच नीट वागायची ताकद उरली नव्हती.

तेव्हापासून आप्पा पुढच्या खोलीत खुर्चीत बसू लागले. सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर. रुसलेत, रुसू देत, असं म्हणून तिनं तिकडे काणाडोळा केला.

मुदतीला पाच दिवस उरले असताना कंपनीची तंत्रज्ञ आली. विसाव्या दिवसाच्या आत कुणी आलं, हेच नवल. सुमय्या मुल्ला म्हणून चाळिशीची बाई, खांद्याला जड पिशवी. आधी पाणी मागितलं, जुईचं नाव विचारलं, मग आप्पांकडे बघून थबकली आणि म्हणाली की विलासमामा ना तुम्ही, आमच्या अब्बांचे चार माग तुम्हीच लावून दिलेले. आप्पांनी तिच्या अब्बांची चौकशी केली, ते गेल्याचं ऐकून मान हलवली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर सुमय्यानं आपलं हातातलं यंत्र ठेवलं आणि सतराव्याचा आवाज ऐकवला. अगदी बारीक, घाईघाईनं दार वाजवल्यासारखा. सेकंदाला पाच ठोके. तिनं समजावून सांगितलं, की विजेवर चालणारी मोटर सहसा इतकी सावकाश नसते, म्हणून संगणकही गोंधळलाय. लाखो यंत्रांशी ताडून पाहून त्याचं मत असं, की हे कुठलंतरी जुनं यंत्र आहे, बेअरिंग सैल झालेलं, आणि ते हळूहळू खालावत जाणार. पहिली नोंद श्रावणातली, दिवसाला पाऊण तास. हल्ली पाच-पाच तास.

मग शोधाशोध झाली. भिंतीवरचं घड्याळ काढून झालं. जुईची आगगाडी जप्त झाली आणि तिनं भोकाड पसरलं. पलीकडच्या पाटीलकाकूंचं शिलाई मशीन असेल म्हणून त्यांना हाक मारून ते थांबवायला लावलं. काकूंनी कारण विचारलं तेव्हा ऋतुजाला ते धड सांगताही येईना. शेवटी सुमय्यानं इन्व्हर्टर बंद करून मुख्य बटणच खाली ओढलं; तारेची डबी तेवढी स्वतःच्या बॅटरीवर चालू राहिली. पंखे गरगरत थांबले, फ्रिजची घरघर विझली. पडद्यावरच्या सोळा रेघा एकेक करून सपाट झाल्या.

सतरावी चालूच होती.

“पुढची खोली, पूर्वेची भिंत,” सुमय्या पडद्यावर वाचत म्हणाली, “जमिनीपासून सव्वादोन फूट.”

दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. पूर्वेच्या भिंतीला सव्वादोन फुटांवर खुर्चीचा लाकडी हात टेकला होता, आणि खुर्चीच्या हातावर आप्पांचा हात होता. डाव्या हातात पेपर. उजवा रिकामा. त्याचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत होतं, कापसाची वात वळावी तसं, आणि बोटातलं तांब्याचं वळं लाकडावर वाजत होतं. इतकं हलकं, की कान लावला तरी ऐकू आलं नसतं.

लाइट गेली काय, असं आप्पांनी पेपराआडून विचारलं. जुई रडं विसरून त्यांच्याकडे गेली. आगगाडीचं चाक निखळलं होतं. आप्पांनी गाडी दोन्ही हातांत घेतली. सुमय्याच्या पडद्यावरची रेघ सपाट झाली. त्यांनी नखानं कणा दाबून चाक बसवलं, फिरवून पाहिलं, गाडी नातीला दिली आणि हात पुन्हा खुर्चीवर ठेवला. थोडा वेळ काही नाही. मग रेघ हळूच थरथरायला लागली.

सुमय्यानं पडदा बंद केला. बटण वर केलं, घर पुन्हा घरघरू लागलं. जाताना फाटकापाशी ती हळू आवाजात म्हणाली, “वहिनी, माझ्या सासूला असंच झालं होतं. आधी डॉक्टरकडं न्या. फॉर्म मागनं बघू.”

दुसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन आले. जुई पाटीलकाकूंकडे राहिली. डॉक्टरांनी आप्पांना चालायला लावलं, वळायला लावलं, बोटं उघडायला-मिटायला लावली, आणि कंपवात आहे असं सरळ सांगितलं. मेंदूत एक द्रव्य कमी पडत जातं. हात रिकामा असला की थरथरतो, कामात गुंतला की बराचसा शांत होतो. पुढे हालचाल मंदावेल. बरं होणार नाही, पण गोळ्यांनी पुष्कळ वर्षं बरं चालेल. रिकामं बसू देऊ नका, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा ऋतुजाला माळ्यावरची पेटी दिसली.

कानतारेचं ऐकल्यावर मात्र डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. गोळी घेतल्यावर थरथर कधी उतरते, कधी परत चढते, यावर मात्रा बसवायची असते; पेशंट तासभर समोर बसतो, बाकी तेवीस तासांचं त्यांना काही कळत नाही. तीन महिन्यांची नोंद असेल तर सोनंच. ती मिळवा. नाहीच मिळाली, तर घरच्या माणसानं दिवसातून तीनदा, गोळीच्या आधी आणि नंतर, हात बघायचा आणि वहीत लिहायचं. पूर्वी तसंच करत.

परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, की सांगितलं का नाही. आप्पा म्हणाले, पाडव्यापासून ठाऊक होतं. गुढीला कडुलिंबाची डहाळी बांधताना गाठ दोनदा निसटली. चाळीस वर्षांत कधी निसटली नव्हती. पोरगं पाळीवर, तू एका हातानं पोर आणि एका हातानं काम सांभाळणारी, त्यात आणखी माझं कुठं घालू? मग हातकणंगल्याचा थांबा गेल्यावर म्हणाले,

“खंडेनवमीला म्हणूनच सगळी उघडली. म्हटलं, पुढल्या वर्षाला हात ऐकतील, न ऐकतील. एकदा सगळ्यांस्नी हात लावून घ्यावा.”

ऋतुजाला रडू आलं नाही. आला तो संताप. आप्पांचा, कारण ते बोलले नाहीत. स्वतःचा, कारण एका घरात राहून, रोज त्याच हातात चहाची कपबशी देऊन, भिंतीला कळलं ते तिला कळलं नाही. आणि भिंतीचा तर सर्वांत जास्त. घरी पोचताच ती पाटलांकडून शिडी घेऊन आली, पेटी उतरवली आणि काही न बोलता आप्पांच्या पायाशी ठेवली. मग कंपनीला फोन लावला.

फोनवर माणूस नव्हता, गोड आवाजाचा संगणक होता. सतराव्या यंत्राचा खुलासा करायचा आहे म्हटल्यावर त्यानं उत्पादनाचं वर्ष विचारलं.

“एकोणीसशे त्र्याहत्तर,” ऋतुजा म्हणाली.

“हमीसाठी यंत्राचं कमाल वय पंधरा वर्षं आहे. हे यंत्र घराबाहेर काढल्यास नूतनीकरण आजच होऊ शकेल. काढायचं आहे का?”

“नाही.”

“यंत्र दुरुस्त होण्याजोगं आहे का?”

“डॉक्टर म्हणतात, नाही.”

“क्षमा करा. ‘डॉक्टर’ या नावाचे तंत्रज्ञ आमच्या यादीत नाहीत.”

पंचवीस मिनिटं सनई ऐकवल्यावर माणूस आला. तो बिचारा सभ्य होता. त्यानं सांगितलं, की यंत्राऐवजी व्यक्ती असेल तर वेगळा फॉर्म आहे. तो भरला की नूतनीकरण होतं, पंपासकट सगळं हमीत राहतं, आणि त्या व्यक्तीच्या कंपाची नोंद डॉक्टरांना रोज जाते, तीही जादा पैसे न घेता. अट एकच. त्या व्यक्तीनं घरातल्या सोळांपैकी कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही. उघडायचं तर नाहीच, चालूही करायचं नाही. तार लक्ष ठेवेल. तीन वेळा हात लागला की हमी रद्द. आणि नूतनीकरणच नको असेल, तर मुदतीच्या दिवशी जुनी नोंद पुसली जाते. तिची प्रत हवी असेल तर चालू ग्राहकाला सहा आठवड्यांत मिळते. चालू नसलेल्या ग्राहकाला मिळत नाही.

म्हणजे पंखासुद्धा लावायचा नाही का, असं तिनं विचारलं. त्यानं पुस्तिका चाळली आणि म्हणाला, नाही मॅडम, पंखा यादीत सातवा आहे.

प्रथमेशनं सगळं ऐकून घेतलं. वडिलांच्या आजाराचं नाव त्यानं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तो म्हणाला, भर तो फॉर्म. नोंद मिळते आहे, पंपाची काळजी मिटते आहे, आप्पांना काय ते सांगू हळूहळू. तू एकटी किती बघणार? हा शेवटचा प्रश्न त्यानं तिच्याच काळजीनं विचारला होता, हे कळत असूनही ती चिडली. कारण तो खरा होता. तीन वेळा हात बघायचा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं. अर्धा तास. तो येणार कुठून? तिच्या दीड तासातूनच. एका बाजूला काही न मागणारी, न थकणारी, न विसरणारी तार. दुसऱ्या बाजूला ती. जिला कालची आमटी फ्रिजमध्ये ठेवल्याचंही आठवत नाही.

मुदतीच्या दिवशी सकाळी तिच्या लक्षात आलं, की या सगळ्यात आप्पांना कुणी काही विचारलेलंच नाही. ते पोर्चमध्ये पाटीलकाकूंच्या शिलाई मशीनला तेल देत होते, जुई बोल्ट मोजत होती. पाचाच्या पुढे तिची गाडी दर वेळी नऊवर जात होती. ऋतुजानं पायरीवर बसून फॉर्म वाचून दाखवला. अट त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग तेलाचा हात फडक्याला पुसत म्हणाले,

“म्हंजे मी हात बांधून बसायचं, आन् बांधलेला हात कसा थरथरतोय ते भिंतीनं लिवायचं.”

“डॉक्टरांना त्याचा उपयोग आहे, आप्पा. खरंच आहे. आणि पंप जाणार आहे जानेवारीत.”

“हाय की उपयोग. न्हाई कोण म्हणतंय?” ते म्हणाले. “तूच ठरीव. माझा हात हाय, पर येळ तुझा जाणार हाय.”

तेवढं बोलून ते पुन्हा मशीनकडे वळले. ती त्यांच्या हाताकडे बघत बसली. तेलाची बुधली धरलेला हात संथ होता, अगदी संथ; थेंब नेमका भोकात पडत होता. मग त्यांनी बुधली खाली ठेवली, आणि मांडीवरचा अंगठा हळूच वात वळायला लागला. आप्पांनी तो दुसऱ्या हातानं झाकला नाही. ती बघते आहे हे ठाऊक असून पहिल्यांदाच झाकला नाही.

तिनं फॉर्म बंद केला. नूतनीकरण नको, या चौकोनावर बोट ठेवलं. कारण विचारणारी यादी उघडली: घर विकले, दुसरी कंपनी निवडली, सेवेबाबत असमाधान. तिसऱ्यावर खूण करून तिनं पुढची पाचशे अक्षरांची जागा कोरी सोडली. लिहायला बसली असती तर जागा पुरली नसती.

दोन दिवसांनी सुमय्या डबी न्यायला आली. तार गिलाव्यातच राहिली. ती काढायची तर घर फोडावं लागलं असतं. सुमय्यानं जिन्याखालून डबी सोडवली आणि पिशवीत टाकली. जाताना ती म्हणाली, की सासूची वही तिनं सहा वर्षं लिहिली, पहिला महिना फार वैताग येतो, मग येतो तो निराळा वैताग.

पहिला आठवडा खरोखरच वैतागाचा गेला. डॉक्टरांनी रीत सांगितली होती. हात मांडीवर मोकळा सोडायचा आणि शंभरापासून तीन-तीन कमी करत उलटं मोजायचं. मन आकड्यांत गुंतलं की हात आपलं खरं सांगतो. आप्पा हटकून हात आवळून धरत, वहीत बरं लिहिलं जावं म्हणून. तिनं ते ओळखलं, तेव्हा खाली आपला तळवा धरायला सुरुवात केली. आवळला की लगेच कळे. मंगळवारी सकाळची नोंद राहिली. गुरुवारी जुईनं वहीत मासा काढला. शुक्रवारी तिनं दुपारची वेळ चुकवली आणि आप्पांनीच, भिंतीकडे बघत, हल्ली नोकरमाणसं वेळेवर येत न्हाईत, असं ऐकवलं.

शनिवारी दुपारी जुई झोपली. संगणकावर अर्धा पदर उघडा होता. मोराला अजून डोळा नव्हता. ऋतुजा वही घेऊन आप्पांसमोर स्टुलावर बसली आणि तळवा पुढे केला. आप्पांनी हात तिच्या तळव्यावर ठेवला. हलका, खरखरीत, तेलाचा वास येणारा. ते मोजत गेले. एक्क्याण्णवच्या पुढे हात जागा झाला आणि तिच्या तळव्यावर ठोके पडू लागले, भराभर, सेकंदाला पाच असतील, चार असतील. ते ती घड्याळाकडे न बघता मोजायला शिकत होती. बावन्नला पोचल्यावर आप्पा थांबले.

“आज कमी हाय,” ते म्हणाले. “लिव, कमी.”

“खोटं बोलू नका, आप्पा. कालच्यापेक्षा जास्त आहे.”

“मग परत मोजू? तुझा मोर खोळंबलाय तिकडं.”

आतून जुईनं कूस बदलल्याचा आवाज आला. म्हणजे फार तर वीस मिनिटं. ऋतुजानं एकदा संगणकाकडे पाहिलं, एकदा वहीकडे, आणि तळवा होता तिथंच ठेवला.

“परत,” ती म्हणाली. “आणि आवळू नका.”

“शंभर,” आप्पांनी सुरुवात केली. “सत्त्याण्णव.”